गणित-स्टॅट्सची मदत: कुलाब्याच्या नोट्सपासून पवईच्या व्हिडिओपर्यंत

“ताई, स्टॅट्ससाठी कुठलं चॅनल बघू?”

पेटची, नेटची किंवा पहिल्या रिसर्च प्रपोजलची तयारी करणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. मीही तो विचारायचे. कुणीतरी चार लिंका पाठवायचं, मी त्या सेव्ह करायचे आणि सेव्ह केल्याच्या समाधानातच झोपायचे. आज मी यादी देणार नाहीये (ओघात बरीच नावं येतील, हवी तर टिपून घ्या). आज थोडा इतिहास सांगते, आणि तो बराचसा आपल्याच शहराचा आहे. विद्यापीठाच्या पातळीचं गणित किंवा संख्याशास्त्र शिकायचंय आणि समोर शिकवणारं कुणी नाही, ही अडचण यूट्यूबपेक्षा खूप जुनी आहे. मुंबईत तिच्यावर सत्तर वर्षं वेगवेगळे उपाय चाललेत. मी ते एकापाठोपाठ एक वाचत गेले तेव्हा मला दिसलं की शिकणाऱ्याच्या हाताला काम देणारे उपाय लागू पडले, बाकीचे फक्त बघितले गेले.

पण आधी माझी फजिती, म्हणजे मी या इतिहासात का शिरले ते कळेल.

मी जीवशास्त्रवाली. बारावीनंतर गणिताशी माझा संबंध हिशोबापुरताच. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ठाणे खाडीच्या काठच्या खारफुटीत सहा जागा निवडल्या, तीन नाल्याच्या तोंडाजवळ आणि तीन लांब. प्रत्येक जागेतून मातीचे दहा नमुने, म्हणजे एकूण साठ. भरती-ओहोटीच्या वेळा बघून पहाटे मुलुंडहून निघायचं, गुडघाभर चिखलात उतरायचं, दुपारी लॅब. मग एका संध्याकाळी व्हिडिओ बघत बघत आरमध्ये टी-टेस्ट लावली. एका बाजूला तीस नमुने, दुसऱ्या बाजूला तीस. पी-व्हॅल्यू इतकी लहान आली की मी घरी फोन करून सांगितलं.

गाइडनी आलेख बघितला आणि एकच विचारलं, “हे साठ एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?”

नव्हते. एकाच जागेतले दहा नमुने एकमेकांसारखेच असतात. त्यांना भेटणारं पाणी एक, गाळ एक. शेजारच्याच दहा जणांना विचारलेलं मत दहा ठिकाणच्या मतांइतकं मोलाचं नसतं, तसंच हे. याचा हिशोबही करता येतो. एकूण नमुन्यांना (१ + (एका जागेतले नमुने − १) × त्यांच्यातल्या साम्याचा गुणक) याने भागायचं. गुणक ०.५ धरला तर ६० भागिले ५.५, म्हणजे जेमतेम ११. पावसाळ्याआधीची माझी सगळी मेहनत अकरा नमुन्यांच्या मोलाची होती.

मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत काही चूक नव्हती. टेस्ट कशी लावायची ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं. कधी लावायची नाही, हे विचारायला मी कुठे थांबलेच नव्हते. आणि ही काही नवी भानगडही नव्हे. साताऱ्याजवळच्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या पाहण्यांसाठी नमुना कसा निवडावा यावर आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. १९५४ साली आलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक सगळं नमुना-पाहणीच्या शास्त्रावर आहे, आणि गुच्छाने घेतलेल्या निरीक्षणांमधलं साम्य हा त्या शास्त्रातला मूळ प्रश्नांपैकी एक. म्हणजे माझ्या चुकीचं उत्तर आपल्याच माणसाने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं. मी मात्र ‘टी टेस्ट इन आर’ असं शोधत होते.

त्या रागात मी शोध उलटा सुरू केला. आपल्याआधीचे लोक शिकले कसे?

सुरुवात कुलाब्याच्या टीआयएफआरपासून करू. होमी भाभांनी ही संस्था १९४५ मध्ये सुरू केली आणि १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन आल्यावर तिथल्या गणित विभागाला आकार येऊ लागला. तेव्हा संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. समुद्राकाठची आत्ताची इमारत १९६२ ची. अडचण उघड होती. नवं गणित युरोप-अमेरिकेत घडत होतं, शिकायला उत्सुक पोरं मुंबईत होती, आणि त्यातल्या बऱ्याच विषयांवर धड पाठ्यपुस्तकंही निघाली नव्हती. चंद्रशेखरन यांनी मोठमोठ्या गणितज्ञांना बोलावून व्याख्यानमाला ठेवायला सुरुवात केली. इथपर्यंत नवल नाही, पाहुणे सगळीकडेच येतात. पुढची पद्धत मला फार आवडते. पाहुणा बोलायचा आणि संस्थेतला एखादा तरुण ती सगळी व्याख्यानं लिहून काढायचा. मग ती पुस्तिका म्हणून छापली जायची.

१९५५ मधली अशी एक पुस्तिका आहे लॉराँ श्वार्त्झ यांच्या व्याख्यानांची, विषय कॉम्प्लेक्स मॅनिफोल्ड्स. श्वार्त्झ म्हणजे पाच वर्षांपूर्वी फील्ड्स पदक मिळालेला माणूस. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली नोट्स लिहिणाऱ्याचं नाव आहे: एम. एस. नरसिंहन. वय तेव्हा तेवीसच्या आसपास. कार्ल लुडविग सीगल यांच्या संख्याशास्त्रावरच्या नव्हे, संख्या-सिद्धांतावरच्या व्याख्यानांचंही असंच (मराठीत या दोन शब्दांचा घोळ माझ्याकडून दर वेळी होतो). १९६१ ची त्यांची पुस्तिका एस. राघवन यांनी लिहून काढलेली आहे.

‘लिहून काढली’ हे वाचायला सोपं वाटतं. तुम्ही एकदा करून बघा. फळ्यावर बोलणारा माणूस “हे उघडच आहे” म्हणून पुढे जातो. लिहिणाऱ्याला मात्र पुढे जाता येत नाही, कारण कागदावर ती ओळ आली की वाचणारा विचारणार, उघड कसं? मग तो मधली पायरी शोधतो, कधी त्यात अर्धा दिवस जातो, कधी जाऊन त्या पाहुण्यालाच विचारावं लागतं. म्हणजे पुस्तिकेचा पहिला फायदा वाचणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्यालाच झाला असणार. हेच नरसिंहन पुढे जगभर ओळखले गेले, सी. एस. शेषाद्रींबरोबरचा त्यांचा प्रमेय १९६५ चा. आता फक्त नोट्स लिहिल्यामुळे कुणी नरसिंहन होतं असं मी म्हणत नाहीये! पण त्या वयात त्यांना दिलेलं काम कोणत्या प्रकारचं होतं ते लक्षात ठेवा.

या पुस्तिका नव्याने टाइप करून टीआयएफआरने आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत. गणितवाले नसाल तर आतलं गणित वाचायच्या भानगडीत पडू नका, माझ्या तर पहिल्याच पानावर डोक्यावरून गेलं. मुखपृष्ठं मात्र जरूर बघा. दोन-दोन नावं असलेली ती पानं एकापाठोपाठ एक बघताना मजा येते.

अर्थात हे मूठभरांसाठी होतं. घाटकोपरच्या चाळीतल्या बीएस्सीच्या मुलाला कुलाबा म्हणजे परदेशच. त्याच्यासाठी आधी पत्राद्वारे शिक्षण आलं. मुंबई विद्यापीठाने ते १९७१ मध्ये सुरू केलं. मग आला टीव्ही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. इन्सॅट-१बी उपग्रहावरून देशभर, इंग्रजीत. माझे बाबा तेव्हा कॉलेजात होते. ते सांगतात, दुपारी शेजारच्यांकडे टीव्ही लागायचा आणि जे लागेल ते बघायचे. अंतराळ, कीटक, काहीही. छान असायचं म्हणे. कार्यक्रम अभ्यासक्रमाला धरून नव्हते, ज्ञान वाढावं म्हणून होते. पण टीव्हीला थांबवता येत नाही आणि शंकाही विचारता येत नाही. इंटिग्रेशनच्या तिसऱ्या ओळीत अडकलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? बाबांना त्यातलं गणित काहीच आठवत नाही, कीटक आठवतात.

आता उपनगरांकडे येऊ. सांताक्रूझ पूर्वेला कलिना, मुंबई विद्यापीठाचा परिसर. तिथल्या गणित विभागातले प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस नावाचं उन्हाळी प्रशिक्षण सुरू केलं. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशावर चालणारं, चार आठवड्यांचं, बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी. पुढे ते देशभर पसरलं. कुमारेसन नंतर हैदराबादला गेले, शिबिरं चालूच राहिली. माझी एक मैत्रीण गणितात एमएस्सी करताना अशा शिबिराला जाऊन आली. तिच्या सांगण्याप्रमाणे तिथे तुम्हाला नोट्स घेत बसता येत नाही. शिक्षक व्याख्या लिहितो आणि थांबतो. उदाहरण द्या. उदाहरण दिलं की, आता यात न बसणारं उदाहरण द्या. चित्र काढा. तुमच्याकडून काही येत नाही तोवर फळा पुढे सरकत नाही. ती म्हणाली, “पहिला आठवडा मला रोज रडू यायचं. तीन वर्षं मी सिद्धता पाठ करत होते, हे चार दिवसांत उघडं पडलं.”

कुमारेसन यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पुस्तकंही याच वळणाची आहेत. लिनिअर अल्जिब्रावरचं पुस्तक तर भूमितीच्या अंगानेच जातं. रिअल अॅनालिसिसवरचं पुस्तक त्यांनी अजित कुमार यांच्याबरोबर लिहिलंय. हे अजित कुमार माटुंग्याच्या आयसीटीतले, सेजमॅथ वापरून गणित शिकवण्यासाठी ओळखले जाणारे. म्हणजे कलिन्याचा धागा हार्बर-वेस्टर्न ओलांडून माटुंग्यात येतो आणि तिथून कॉम्प्युटरवर जातो.

आणि आता इंटरनेट, ज्याच्यासाठी तुम्ही इथवर थांबलात.

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी फुकट खुलं करणार. २००२ मध्ये पहिले पन्नास कोर्स आले. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं तुम्ही बघितली असतील किंवा निदान सेव्ह तरी केली असतील. ती १९९९ च्या शरद सत्रात (फॉल सेमिस्टर) चित्रित झालेली आहेत. खडू, फळा, एक माणूस. पंचवीस वर्षं झाली, अजून कुणाला जुनी वाटत नाहीत.

आपल्याकडे २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू झालं. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी, पैसा केंद्र सरकारचा. एकेका विषयाची तासाभराची साधारण चाळीस व्याख्यानं. त्या सातातली एक आपली पवईची, कांजूरमार्गहून बसने गेलं की गेट. पवईच्या प्रा. इंदर राणा यांची मेझर थिअरीवरची मालिका मी गणितवाल्या मैत्रिणींकडून इतकी ऐकली की एकदा बघायला बसले. ते सावकाश लिहितात, लिहिलेलं वाचतात. तुम्हाला मागे पडायला वेळच मिळत नाही.

पण २००३ चं इंटरनेट आठवा. तासभराचा व्हिडिओ उतरवायला रात्र जायची. म्हणून एनपीटीईएलचं साहित्य हार्ड डिस्कमध्ये भरून कॉलेजांना मिळायचं आणि तिथल्या नेटवर्कवर ठेवलं जायचं. माझ्या कॉलेजातही (नाव घेत नाही) ती डिस्क होती. कपाटात होती. किल्ली ज्या सरांकडे ते दोन वाजता जायचे आणि आमचं प्रॅक्टिकल अडीचला सुटायचं. तीन वर्षांत मी ती डिस्क दोनदा पाहिली, दोन्ही वेळा काचेतून.

पुढे सगळं यूट्यूबवर आलं, तरीही एक गोष्ट राहिली होती. बघणाऱ्यांची संख्या वाढत होती, सोडवणाऱ्यांची वाढतेय का हे कळत नव्हतं. २०१४ पासून एनपीटीईएलने आठवड्याला असाइनमेंट आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा अशी सोय केली. शिकणं फुकट, परीक्षेला फी. मला हा बदल नुसत्या व्हिडिओंपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मी खरगपूरच्या सोमेश कुमार यांचा प्रॉबॅबिलिटीचा कोर्स दोनदा ‘बघितला’ होता. एकदा फक्त उदाहरणं वहीत सोडवत गेले तेव्हा कळलं की दोन्ही वेळा मी कंडिशनल प्रॉबॅबिलिटीच्या पुढे गेलेच नव्हते, व्हिडिओ गेला होता.

पवईतच आणखी एक काम झालं, आणि तुमच्यातल्या ज्यांचं कॉलेज मराठी किंवा अर्ध-मराठीत झालंय त्यांनी हे नीट वाचा. केमिकल इंजिनीअरिंगचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी २००९ च्या सुमारास केंद्राच्या योजनेतून स्पोकन ट्युटोरिअल हा प्रकल्प उभा केला. सायलॅब, लेटेक, आर, पायथन अशी फुकट सॉफ्टवेअर स्वतः शिकता यावीत म्हणून छोटे छोटे व्हिडिओ, साधारण दहा मिनिटांचे. व्हिडिओच्या आधी संहिता लिहिली जाते, दोन रकान्यांत. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोललं जाईल. मग ती संहिता त्या सॉफ्टवेअरमधलं काहीच न येणाऱ्या माणसाला देतात आणि त्याला ती वाचून जमतंय का ते बघतात. तज्ज्ञाला जे ‘उघड’ वाटतं ते तिथे पकडलं जातं. कुलाब्यात नोट्स लिहिणारा तरुण जे करत होता तेच हे, फक्त आता नवशिक्याची जागा कामाच्या रीतीतच ठरवून ठेवली आहे.

आवाज नंतर भारतीय भाषांमध्ये दिला जातो. पडदा इंग्रजी, बोलणं मराठी. मला आधी हे तडजोडीसारखं वाटलं होतं. वापरल्यावर वाटलं की बरोबरच आहे, कारण आज्ञा तर इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत. समजून घ्यायचं ते मराठीत. (शासकीय परिभाषेत रिग्रेशनला ‘समाश्रयण’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण माझ्या वहीत रिग्रेशनच आहे आणि राहणार.) बघायची पद्धतही ठरलेली आहे: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. तो थांबतो, तुम्ही करता. न करता बघितलं तर दहा मिनिटं फार कंटाळवाणी जातात.

आरचं मूळ तर दोन शिक्षकांच्या गरजेत आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं, १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलं, आणि १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. ते फुकट नसतं तर माझ्यासारखीला संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर विकत घेणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळे घरी बसले आणि शिक्षकही कॅमेऱ्यासमोर आले. टंचाई संपली. नेमकं त्यानंतर मी ती टी-टेस्ट लावली. डिस्क कपाटात असताना मी काही शिकले नव्हते, आणि सगळं खिशात आल्यावर चुकीचं शिकले.

मग काय केलं ते सांगते, कारण ते तुम्हालाही आज संध्याकाळी करता येईल. कानपूरच्या आयआयटीतले प्रा. शलभ यांच्या रिग्रेशनवरच्या नोट्स त्यांच्या पानावर पीडीएफमध्ये आहेत. त्यात सुरुवातीलाच गृहीतकं येतात. मी एकेक गृहीतक मराठीत वहीत उतरवलं आणि प्रत्येकाखाली लिहिलं: ‘माझ्या खाडीत हे खरं आहे का?’ स्वातंत्र्याच्या गृहीतकाखाली ‘नाही’ लिहावं लागलं. पण ‘नाही’ने किती फरक पडतो ते मला पटत नव्हतं. म्हणून आरमध्ये खोटी खाडी बनवली. सहा जागा, प्रत्येकी दहा नमुने, जागेतलं साम्य ०.५, आणि दोन गटांत मुळात काहीही फरक नाही. त्यावर माझी तीस-तीसवाली टेस्ट हजार वेळा लावली. फरक नसताना तो ‘सापडायचं’ प्रमाण शंभरात पाच असायला हवं. माझ्या पडद्यावर ते चाळीसच्या आसपास आलं.

पंधरा ओळींचा कोड आहे. स्वतः लिहा, माझा मागू नका. साम्य ०.१ करून बघा, जागा सहाच्या ऐवजी वीस करून बघा, जागा तेवढ्याच ठेवून नमुने दुप्पट करून बघा. शेवटच्या प्रयोगाने मला सगळ्यात जास्त धक्का दिला. नमुने वाढवले तर खोटं यश आणखी वाढतं.

खऱ्या आकड्यांसाठी प्रत्येक जागेची एकच सरासरी घेतली. तीन विरुद्ध तीन. काही सिद्ध झालं नाही. पावसाळा संपल्यावर पुन्हा चिखलात उतरले, या वेळी चौदा नव्या जागा, प्रत्येकी फक्त तीन नमुने. एक वर्ष गेलं. त्याचा निकाल अजून लिहितेय, तो वेगळ्या लेखात.

दरम्यान आम्ही तिघी मुलुंडला रविवारी सकाळी बसतो. एक रसायनशास्त्रातली, एक मानसशास्त्रातली आणि मी. एक व्याख्यान आधी घरी बघून यायचं, आणि त्या आठवड्याची जिची पाळी असेल तिने ते मराठीत लिहून आणायचं, ‘उघडच आहे’ हे शब्द न वापरता. बाकी दोघी लाल पेन घेऊन बसतात. स्ट्रँग चालू आहे. नववं व्याख्यान, सदिशांचं स्वातंत्र्य. या रविवारी पाळी माझी आहे आणि अजून अडीच पानंच झालीत.